डाव्या अंगठ्याची पाठवणी

माझ्या बायकोच्या, केतकीच्या, पोटातल्या बाळाच्या मज्जारज्जूतली एक पेशी प्रवासाला निघायला तयार नव्हती.

"बाकीच्या निघाल्या," सोनोग्राफीच्या पडद्यावर बोट ठेवून डॉक्टर मुळीकबाई म्हणाल्या. "या पेशी मज्जारज्जूच्या मध्याशी जन्मतात. मग तिथल्या लांब तंतूला धरून कडेपर्यंत सरकतात आणि तिथून स्नायूपर्यंत आपला धागा पोहोचवतात. ही मात्र बसून आहे."

"हिच्याकडे काम कोणतं?" मी विचारलं.

"डाव्या पायाचा अंगठा हलवायचं."

केतकी रडवेली झाली. मी तर आधीच घामाघूम. घाबरणं आमच्या भोइट्यांच्या घरात कुणाला शिकवावं लागत नाही.

डॉक्टरांनी मशीनचा आवाज वाढवला. "न निघण्याचं कारण सांगा."

"हातावर दही मिळालं नाही," पेशी शांतपणे म्हणाली. "बाकीच्यांच्या वेळी केतकीबाईंनी दही खाल्लं होतं. माझ्या वेळी ताक प्यायल्या. ताकावर कुणी घराबाहेर पडतं का?"

"बरोबर बोलतेय ती," कोपऱ्यात बसलेली माझी आई म्हणाली. "रीत म्हणजे रीत."

एवढं बोलून तिने पिशवीतून दह्याचा डबा काढला. फलटणहून इथे बारामतीला आमच्याकडे येताना ती दही घेऊनच निघते, त्यामुळे कुणालाच नवल वाटलं नाही.

"पण पेशीला हात कुठेय?" मी विचारलं.

"आईचा चालतो," डॉक्टर म्हणाल्या. "फक्त उलटी झाली तर धरत नाहीत."

इथेच घोडं अडलं. त्या दिवसांत केतकीला दह्याचा नुसता वास आला तरी मळमळायचं. तिने डब्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे.

"घाला, आई," ती म्हणाली. तळहातावरचं दही चाटून तिने डोळे मिटले आणि माझं मनगट असं आवळलं की मीच ओरडलो. एक उमासा आला. तिने तो गिळला.

"येते हं," पेशी म्हणाली आणि तंतूला धरून हळूहळू सरकू लागली.

"सावकाश जा गं!" आई ओरडली. केतकी हसता हसता रडायला लागली, आणि तिच्याबरोबर मीही.

बाळ जन्मलं तेव्हा आम्ही तिघंही त्याच्या पायांशी जमलो. आईने डाव्या तळव्याला बोट लावलं. अंगठा ऐटीत वर झाला. आम्ही एवढा जल्लोष केला की नर्स धावत आली. मुलगा की मुलगी, हे विचारायचं संध्याकाळपर्यंत कुणाच्या लक्षातच आलं नाही.