काकूंची चारशे बारा उड्डाणे

सकाळी नऊ वाजता, चहाचा दुसरा कप हातात असताना, मैलवाले काका या जगातून नाहीसे झाले. म्हणजे काका खुर्चीतच होते, चष्माही नाकावर होता; पण समोरच्या संगणकावर विमान कंपनीने स्वच्छ लिहिले होते, ‘या नावाचा सदस्य आढळत नाही.’

काका सत्तावीस वर्षे छपाईयंत्रे दुरुस्त करत शहरोशहरी उडाले होते. कुठे रोलर अडकला, कुठे कागद फाटू लागला, की निळ्या कंपनीचे विमान पकडायचे. प्रत्येक उड्डाणाचे मैल खात्यात जमा होत आणि काका ते येईल त्याला ऐकवत, म्हणून गल्लीने त्यांना हे नाव बहाल केले होते. मैल मात्र राखून ठेवले होते काकूंसाठी. एकदा डोंगरातल्या एका गावी, तळ्याकाठच्या छापखान्यात काका नऊ दिवस अडकले होते. तिथून त्यांनी घरी चित्रकार्ड धाडले, ‘पुढच्या वेळी दोघे.’ त्याला एकवीस वर्षे झाली. पुढची वेळ आता कुठे निवृत्तीनंतर उजाडत होती, आणि नेमकी तेव्हाच निळी कंपनी लाल कंपनीत विलीन झाली.

काकांनी फोन लावला. अर्धा तास बासरी ऐकल्यावर एक मुलगी बोलली.

“सर, दोन्हीकडची खाती आम्ही एक केलीत. तुमच्या फोन नंबरवर एक सदस्य दिसतायत. पण त्या मॅडम आहेत.”

“अहो, ती माझी बायको! ती जन्मात विमानात बसलेली नाही!”

“पण सर, तुमचं नाव त्यांच्या नावाच्या पोटातच आहे.”

काकांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. फार वर्षांपूर्वी लाल कंपनी नव्या सदस्याला छत्री भेट देत असे. त्या छत्रीच्या लोभाने काकांनी काकूंच्या नावाने अर्ज भरला होता, तोही आपल्या रीतीप्रमाणे ऐसपैस: आधी तिचे नाव, मधे स्वतःचे, शेवटी आडनाव. निळ्या कंपनीत मात्र फक्त आपले नाव आणि आडनाव. यंत्राने पाहिले, फोन एक, पत्ता एक, आडनाव एक. या आळशी माणसाने एकीकडे नाव अर्धवट लिहिलेले दिसते. मग यंत्राने अर्धे नाव पुसले आणि पूर्ण नाव ठेवले.

“मॅडमना फोन देता का?”

काकू हात पुसत आल्या. “हो, मीच बोलतेय. काय म्हणालीस, सुवर्णसदस्य? किती वेळा उडाले? चारशे बारा? अगंबाई! तरीच म्हटलं, गुडघे का दुखतात!”

“हसतेस काय? माझं सगळं आयुष्य तुझ्या नावावर झालंय!”

“होऊ दे की. छत्री पहिल्याच वाऱ्यात उलटी झाली होती. भरपाई समजा.”

काकांच्या अंगाचा तिळपापड झाला. जुन्या प्रवासाचे पाच पुरावे दिले तर तक्रार नोंदवता येईल, असे मुलीने सांगितले होते. काकांनी माळ्यावरून बुटाचे खोके काढले. आत बोर्डिंग पास गठ्ठ्यांनी बांधून ठेवलेले होते, तारीखवार. पहिला उघडला, कोरा. दुसरा कोरा. तिसऱ्यावर नुसता पिवळा डाग. पासावरची छपाई केव्हाच उडून गेली होती.

“छपाईवाल्याच्या घरी कोरे कागद!” काकू म्हणाल्या, पण मग त्यांनीही शेजारी बैठक मारली.

गंमत म्हणजे काकांना कोरे कागदही वाचता येत होते. “हा वर्तमानपत्रवाल्यांचा. पहाटे चारला मशीन चालू झालं तेव्हा संपादक रडला होता.”

“तेव्हा धाकटीला गोवर निघाला होता.”

“आणि हा पाठ्यपुस्तकांचा छापखाना. काय मशीन होतं! भंगारात गेलं म्हणे.”

“त्या दिवशी नळ फुटला होता. मी भर दुपारी छोट्या घागरीनं पाणी उपसत होते.”

असे किती वेळ चालले कोण जाणे. ते छापखाने आता बंद झाले होते, मुलांनी आपापली बिऱ्हाडे थाटली होती, आणि प्रत्येक कोऱ्या कागदाच्या दोन बाजू होत्या, हे काकांना आज कळत होते. त्यांना फार वाईट वाटले. तळाशी कार्बनची जुनी तिकिटे निघाली, ठसठशीत अक्षरांची. मोजून पाच.

काकांनी विजयी मुद्रेने फोन लावला.

“छान सर, तक्रार मान्य होईल,” मुलगी म्हणाली. “मग तुमचे मैल निळ्या खात्यात परत जातील. निळे मैल नव्या योजनेत निम्मे धरतात. त्यात तळ्याच्या गावाचं एक तिकीट बसेल.”

“एक? आणि तक्रार नाही केली तर?”

“मग ते मॅडमच्या लाल खात्यात पूर्ण धरलेलेच आहेत. दोन तिकिटं आरामात. चूक आमची आहे सर, तुम्ही हरकत घेतली नाहीत तर आम्ही ती बदलणार नाही.”

काकांनी पाच तिकिटांकडे पाहिले. सत्तावीस वर्षांचा एवढाच दाखला उरला होता. काकू पुसलेलेच टेबल पुन्हा पुसत होत्या.

“माझी काही तक्रार नाही,” काका म्हणाले.

“धन्यवाद! म्हणजे नोंदीप्रमाणे सरांचा हा पहिलाच विमानप्रवास. शुभेच्छा!”

विमानतळावर काउंटरवरचा तरुण काकूंना पाहून अदबीने उभा राहिला. “या मॅडम, बऱ्याच दिवसांनी!”

“हो ना, घरातून वेळच मिळत नाही,” काकू ऐटीत म्हणाल्या. काकांनी मुकाट्याने दोन्ही बॅगा उचलल्या.

विमानात मात्र काकूंची ऐट ओसरली. खिडकीपाशी बसून त्या पट्ट्याची दोन टोके हातात धरून उलटसुलट करू लागल्या. एकदा आत घालून पाहिले, एकदा गाठ मारून पाहिली. चारशे बारा वेळा उडालेल्या बाईने विचारायचे तरी कुणाला? तेवढ्यात हवाईसुंदरी शेजारून जाऊ लागली. काकांनी हात वर केला.

“बाई, हा पट्टा कसा लावायचा हो? मी पहिल्यांदाच बसतोय.”

पुढच्या रांगेतल्या दोघांनी मागे वळून पाहिले. हवाईसुंदरीने हसून, सावकाश, दोनदा लावून दाखवला. तिसऱ्यांदा खिडकीकडून ‘टक्’ असा आवाज आला.

“घाबरू नका हं,” काकू त्यांचा हात गच्च धरत म्हणाल्या, “मी आहे ना बरोबर.”