फिल्टरच्या डब्यातलं बिऱ्हाड

एका जंगलात एक मोटारसायकल होती. एकच. ती सिंहमहाराजांची. आता जंगलात पेट्रोल कुठून यायचं, असं ज्या मुलाला विचारायचं असेल त्याने आत्ताच बाहेर जाऊन खेळावं. गोष्टीत सिंह बोललेला चालतो आणि पेट्रोल चालत नाही, हा कुठला न्याय?

तर महाराज दर सोमवारी मोटारसायकलवर बसून खिंडीपलीकडे जायचे आणि तिथल्या हरणांच्या तक्रारी ऐकायचे. हरणांची तक्रार एकच असायची, की महाराज दर सोमवारी येतात. ते असो.

गाडीचं काम जाणणारा जंगलात एकच मिस्त्री होता, झिपरू उंदीर. अंगाने इतका बारीक, की कार्बोरेटरच्या तोंडातून आत शिरायचा आणि जेट पुसून बाहेर यायचा. तुमच्या कोपऱ्यावरचा मिस्त्री करील एवढं? तो उद्या या म्हणतो.

कार्बोरेटर म्हणजे काय ते एकदाच सांगतो, पुन्हा विचारायचं नाही. एकीकडून हवा येते, एकीकडून जेट नावाच्या बारीक भोकातून पेट्रोल येतं. दोघांची गाठ कार्बोरेटरमध्ये पडते आणि ते मिश्रण इंजिन पितं. त्यातली हवा आधी एका डब्यातून गाळून येते. तो फिल्टरचा डबा. हवा कमी पडली की गाडी काळा धूर ओकते, चढावर रडते आणि बंद पडते. झालं. एवढ्यावर कितीतरी लोकांचे संसार चालतात.

पावसाळाभर गाडी गुहेत उभी होती. पावसाळा सरता सरता झिपरूची बायको ठकूबाई हिचे दिवस भरत आले. तिला जागा हवी होती कोरडी, उबदार आणि अंधारी. ती तिला नेमकी फिल्टरच्या डब्यात सापडली. हवा यायच्या नळीतून ती आत शिरली, साठवलेला सावरीचा कापूस भरला आणि तिथेच बाळंत झाली. सात पिल्लं. शेंगदाण्याएवढी, डोळे मिटलेली.

झिपरूला हे कळलं तेव्हा तो कपाळाला हात लावून बसला.

"अगं, हा हवेचा डबा आहे. गाडी इथून श्वास घेते."

"माझी पोरंही श्वास घेतात," ठकूबाई म्हणाली. "पंधरा दिवसांचा तर प्रश्न. डोळे उघडले की निघतो. ओल्या बाळंतिणीला कुठे हलवता अहो?"

झिपरू उरलेला कापूस आत द्यायला लागला. बायकोचं म्हणणं बिनतोड असलं की नवरे हेच करतात.

सोमवारी महाराजांनी किक मारली. गाडी निघाली आणि खिंडीच्या चढावर काळा धूर सोडून बसली. महाराजांना एका गव्याने गाडीला दोरी बांधून परत आणलं. सगळं जंगल बघायला जमलं होतं.

झिपरूला बोलावणं आलं. त्याने प्लग काढून बघितला. काळाकुट्ट. हवा अडलीय, हे त्याला त्या प्लगवर लिहिल्यासारखं दिसलं. ती कुठे अडलीय हेही ठाऊक होतं.

"काय झालंय, मिस्त्री?" महाराजांनी विचारलं.

"कार्बोरेटर, महाराज," झिपरू म्हणाला.

त्याने चांगला स्वच्छ कार्बोरेटर खोलला, पुन्हा स्वच्छ केला आणि बसवला. मग डब्याच्या नळीला तोंड लावून हळूच म्हणाला, "ठके, कापूस जरा कडेला घे. पोरांना भिंतीशी धर. पाच मिनिटं." महाराजांनी गुहेभोवती दोन चकरा मारल्या. गाडी लोण्यासारखी चालली. महाराज खूश झाले आणि खिंडीकडे निघाले. तोवर पिल्लांना गारठा लागला, आईने कापूस पुन्हा पसरला, आणि खिंडीत पुन्हा काळा धूर. पुन्हा गवा.

महाराज हट्टाला पेटले. रोज निघायचे आणि रोज ओढून आणले जायचे. ठकूबाईचं गाडीबद्दल मत चांगलं होतं. ती म्हणायची, "गाडी सुरू झाली की घरात वारा कसा छान खेळतो."

झिपरूला मात्र लाज वाटायची. त्याच्या हाताखालून गेलेलं काम कधी परत आलं नव्हतं. आता रोज तोच कार्बोरेटर, रोज तेच खोटं. ठकूबाईने आणून ठेवलेला दाणा तसाच पडून राहायचा. तो फक्त दिवस मोजायचा. आणखी दहा. आणखी नऊ.

सहाव्या दिवशी महाराजांनी समिती नेमली. प्रधान कोल्होबा अध्यक्ष आणि माकड तज्ज्ञ. माकड तज्ज्ञ कसं? ते एकदा वाट चुकून शहरात गेलं होतं आणि तीन दिवस एका गॅरेजच्या पत्र्यावर बसून होतं. एवढं शिक्षण त्या जंगलात दुसऱ्या कोणाचंच नव्हतं.

माकडाने गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणालं, "कार्बोरेटर."

मग महाराज स्वतः उठले. त्यांनी टाकीला कान लावला, डोळे मिटले आणि म्हणाले, "मधला जेट. आमच्या कानाला कळतं." दरबाराने माना डोलावल्या. जेट मधला असतो की कडेचा, हे विचारायची कोणाची टाप होती?

समितीने चाळीस पानी अहवाल लिहिला. दोष कार्बोरेटरचा, मुख्यतः मधल्या जेटचा. नवा कार्बोरेटर आला. गाडी खिंडीत बंद. मग आणखी एक आला. त्याचीही गत तीच. समितीने अहवालाला पुरवणी जोडली, की कार्बोरेटरचे दोष हल्ली वाढले आहेत.

फिल्टरचा डबा कोणी उघडला नाही. तो उघडायला दोन स्क्रू काढावे लागतात. दोन स्क्रूंसाठी कोणी समिती नेमतं का?

बाराव्या दिवशी सकाळी माकडाला नवी कल्पना सुचली.

"महाराज, शहरात तरणी पोरं फिल्टरचा डबाच काढून फेकतात. गाडीचा आवाज असा दणदणीत येतो, की चार गल्ल्या जाग्या होतात."

आवाज म्हटल्यावर महाराजांची आयाळ फुलली. "मग वाट कसली बघताय? काढा डबा आणि टाका दरीत. आत्ता."

माकड पाना आणायला धावलं. झिपरू डब्याकडे धावला. त्याने नळीकडे बघितलं, तर आत ठकूबाईचे दोन डोळे. तिने सगळं ऐकलं होतं. सात पोरं तोंडात धरून एकेक करून न्यायची म्हणजे सात खेपा, आणि गुहेच्या दाराशी पहाऱ्याला रानमांजर. तिने एक पिल्लू उचललं, पुन्हा खाली ठेवलं आणि नवऱ्याकडे बघत राहिली.

माकडाने पहिल्या नटाला पाना लावला तेव्हा झिपरू पुढे झाला आणि गाडीला पाठ लावून उभा राहिला.

"महाराज, डबा फेकू नका. आत माझं बिऱ्हाड आहे. बायको आहे, सात पोरं आहेत, त्यांचे डोळेही उघडलेले नाहीत. कार्बोरेटरला काही झालेलं नव्हतं. आमच्या कापसाने हवा अडली होती. मी खोटं बोललो. काय ती शिक्षा मला करा."

झिपरूने डोळे मिटले आणि पंजाची वाट बघितली.

पंजा आला नाही. कोल्होबा खाकरले.

"महाराज, मिस्त्री म्हणतो ते खरं धरलं, तर चाळीस पानं खोटी ठरतात."

"पुरवणीही," माकड म्हणालं.

"आणि तो मधला जेट..." कोल्होबा एवढंच बोलले आणि छताकडे बघू लागले.

महाराजांनी विचार केला. त्यांना सवय नव्हती, त्यामुळे वेळ लागला. मग ते अगदी मायेने म्हणाले, "मिस्त्री, तू दमलायस."

"महाराज, दोन स्क्रू काढा. पोरं समोर दिसतील."

"म्हणून तर काढायचे नाहीत," कोल्होबा त्याला समजावून म्हणाले. "काढले आणि खरंच दिसली, तर?"

तेवढ्यात डब्यातून आवाज आला. चीं चीं. बारीक, पण स्पष्ट. सगळ्यांनी ऐकला.

"जेट," माकड म्हणालं.

"मधला," महाराज म्हणाले.

तिथेच हुकूम निघाला. डबा फेकायचा नाही, कारण दरीत पडला तर फुटेल आणि आतलं काहीबाही बाहेर येईल. डबा उघडायचाही नाही. दोन्ही स्क्रूंवर लाख ओतून राजमुद्रा उठवली. रानमांजराला ताकीद दिली, की डबा, नळी आणि त्यातून येणारं-जाणारं जे काही असेल त्याला मिशीसुद्धा लावायची नाही. डब्यात काही नाहीच, तेव्हा काही येताना-जाताना दिसलं तरी ते बघायचं नाही.

आता दर सोमवारी दोन गवे गाडी ढकलत खिंडीच्या वर नेतात. महाराज वर बसून तोंडाने आवाज काढतात. अहवालाच्या दुसऱ्या पुरवणीत याला गाडीची सुधारलेली चाल म्हटलंय.

पंधराव्या दिवशी पिल्लांनी डोळे उघडले. झिपरू म्हणाला, "चला, ठरल्याप्रमाणे निघू."

"कुठे?" ठकूबाई म्हणाली. "ज्याच्या दाराशी मांजर राखण करतं असं दुसरं घर दाखवा, लगेच निघते."

झिपरू मुळात सरळ प्राणी. अजून महिन्यातून एकदा तो दरबारात जातो आणि हात जोडून सांगतो, "महाराज, कार्बोरेटर ठीक आहे. डब्यात आम्ही राहतो." महाराज त्याच्या तब्येतीची चौकशी करतात आणि आठ दिवस सुट्टी देतात. झिपरू घरी येतो, सातही पोरांवरून हात फिरवतो आणि पोटभर जेवतो.

तात्पर्य: मुलांनो, नेहमी खरं बोलावं. मात्र अहवाल छापून होईपर्यंत कळ काढावी. त्याआधी बोललात, तर कोणीतरी विश्वास ठेवायचा.