गोल चौकातला पाठलाग

साडेआठला परीक्षा केंद्राचं गेट बंद होणार होतं आणि आठ वाजून पाच मिनिटं झाली तरी साहेबराव गुरुजींची गाडी धुक्यातच होती. शेजारी नर्सिंगच्या प्रवेश परीक्षेला निघालेली लेक अक्षता हॉलतिकीट घट्ट धरून बसली होती. गुरुजींनी मोठी लाईट आणि चारही इंडिकेटर लावले होते.

"बाबा, लाईट खाली करा. पुढं नुसतं पांढरं दिसून राह्यलं. अन् चारी इंडिकेटर थांबलेल्या गाडीला लावतात."

"समोरच्या जीपवाल्यानंबी लावलेत. जाफराबाद-भोकरदन त्याचं रोजचं हाय. त्याच्यामागं चाललं की बराबर पोचतो."

भोकरदनच्या अलीकडच्या गोल चौकात जीप शिरली. मागोमाग गुरुजी. ती कुठं वळणार ते कळेना. तिचेही चारही दिवे एकदम लुकलुकत होते.

"बाबा, हे चहाचं हॉटेल मघाशी गेलं न्हाई का?"

"ह्या रोडला सगळी हॉटेलं सारखीच."

हॉटेल पुन्हा आलं. चुलीपासून उषाबाई ओरडल्या, "गुरुजी, मन्नत बोलली का काय? चौथा फेरा हाय!"

गुरुजींनी ब्रेक मारला. मागेही कचकन ब्रेक लागला. जीपवाला लालमियाँ खाली उतरला.

"गुरुजी, मधीच काहून थांबले? मी तुमच्यामागं चालून राह्यलो ना!"

"माझ्यामागं? अरे, मी तुझ्यामागं हाय!"

"गोलात रस्ता दिसंना. मंग समोर तुमच्या लायटी दिसल्या. म्हटलं गुरुजी माणूस, बिलकुल चुकायचे न्हाईत."

आठ चौतीस. अक्षताचे डोळे भरले. "लागलं गेट."

जीपमधून मफलर गुंडाळलेले कडूबा उतरले. "रडू नको पोरी. लागायला आधी उघडावं लागतं." त्यांनी खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला. "केंद्राचा शिपाई मीच."

"मंग इतका वेळ बोलले काहून न्हाई?" गुरुजी तडकले.

"मला वाटलं, नवीन बायपास झाला."

आठ एक्केचाळीसला गेटबाहेर दोनशे पोरं-पोरी कुडकुडत होत्या. केंद्रप्रमुख बद्रीनाथ सर कडाडले, "कडूबा, ही काय यायची वेळ?"

कडूबांनी गुरुजींकडे बोट केलं. "मी टायमावर निघाल्तो, सर. हे मास्तर चौकातच फिरवत बसले. वळायची लाईट म्हणून दाखवली न्हाई. ह्या पोरीला विचारा."

"खरं का गं?"

"हो सर," अक्षता म्हणाली आणि बापाकडे न बघता सगळ्यात आधी आत शिरली.