दोन सेकंदांचा विश्राम

"तिकीट अलीकडचं मिळतंय का बघ," असं हेडमास्तरांनी मुलाला सांगितलं, तेव्हा त्यांना परदेशात मुलाकडे येऊन जेमतेम अठरा दिवस झाले होते. राहायचं ठरलं होतं तीन महिने. तशी तक्रार काहीच नव्हती, आणि तीच त्यांची तक्रार होती. भांडी यंत्र घासत होतं, नात स्वतःचा अभ्यास स्वतः करत होती, रस्त्यावर माणसं कोणी न ओरडता रांगेत उभी राहत होती. छत्तीस वर्षं इतरांना सुधारण्यात घालवलेल्या माणसाने अशा गावात करायचं काय?

मुलगा बेचाळीस वर्षांचा. ऑफिसात हाताखाली चौदा माणसं, घरात मात्र अजून 'बाळ्या'. म्हातारा असा हिरमुसून परत गेला तर पुन्हा येणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. "अण्णा, स्वातंत्र्यदिनाचं झेंडावंदन घरीच करू," तो म्हणाला. "सगळं तुम्ही बघायचं. त्यानंतरही जावंसं वाटलं, तर बदलू तिकीट."

हेडमास्तर कामाला लागले. पडद्याचा दांडा काढून टीपॉयला बांधला, तो ध्वजस्तंभ झाला. चिकटपट्टी लावून प्रत्येकाची उभं राहायची जागा आखली गेली. "गीत चालू असताना हलायचं नाही, बोलायचं नाही. पापण्या मिटल्या तर चालतील," अशी सवलतही जाहीर झाली. हे सांगायचा त्यांना अधिकार होता. शाळेत एकदा राष्ट्रगीत चालू असताना त्यांच्या नाकावर मधमाशी बसली होती आणि शेवटी तीच कंटाळून उडून गेली, असं सांगतात.

ठरल्या दिवशी साडेआठला मुलगा खिडकीशी, सूनबाई सोफ्यापाशी आणि दहा वर्षांची नात दाराशी उभी राहिली. झेंड्याजवळ हेडमास्तर, कान झाकून गुंडाळलेल्या मफलरसकट. गीत आपणच लावणार, हा त्यांचा हट्ट. त्यांनी फोनवर बोट दाबलं, फोन सदऱ्याच्या खिशात टाकला आणि कपाटावरच्या स्पीकरमधून गीत सुरू झालं.

गीत संपलं. सगळ्यांनी श्वास सोडला. दोन सेकंद गेले आणि गीत पुन्हा सुरू झालं. आठवडाभर सराव करताना हेडमास्तरांच्या हातून कुठलं तरी बटण दाबलं गेलं होतं आणि ह्या माणसाला हेच ऐकायचंय, अशी फोनने समजूत करून घेतली होती. सगळे पुन्हा सावधान.

दुसरी फेरी संपताच मुलगा म्हणाला, "अण्णा, फोन!"

"काय?" हेडमास्तर म्हणाले. गीत सुरू झालं.

तिसऱ्या फेरीनंतर, "बंद करा फोन!"

"कोणाचा?" पुन्हा गीत.

चौथ्या फेरीनंतर, "तुमचा!"

"माझा काय?"

"अरे, त्यांनी कानात यंत्र घातलेलं नाही," पाचव्या विश्रांतीत सूनबाई घाईघाईने म्हणाली. "तूच जा आणि खिशातून..." उरलेला शब्द सहाव्या फेरीनंतर आला. "काढ!"

हे म्हणणं सोपं होतं. खिडकीपासून त्या खिशापर्यंत नऊ पावलं, आणि दोन सेकंदांत पडत होती दोन. शिवाय वडिलांच्या खिशात त्याने आयुष्यात एकदाच हात घातला होता, तिसरीत असताना, आणि त्याची आठवण गालावर अजून ताजी होती.

तेवढ्यात ओट्यावरचं दूध वर यायला लागलं. चहासाठी ते एका फेरीच्या हिशेबाने ठेवलं होतं. दूध नेहमी आपली पाठ वळली की उतू जातं. त्या घराच्या इतिहासात प्रथमच ते तीन माणसं टक लावून बघत असताना उतू गेलं. सातवी फेरी संपताच सूनबाईने तीन ढांगांत गॅस गाठला, भांडं उतरवलं आणि गीत सुरू झाल्यामुळे सांडशी हातात घेऊन तिथेच सावधान झाली. जळक्या दुधाचा धूर छतापाशी गेला, आणि तिथला धुराचा भोंगा गीताला बेताल साथ देऊ लागला.

मग बेल वाजली. आवाज झाला की झाडूच्या दांड्याने आपलं छत ठोकणारे खालच्या मजल्यावरचे म्हातारे एकटे गृहस्थ, म्हणजे घरातल्या भाषेत 'ठकठककाका', आज स्वतःच वर आले होते. आठव्या विश्रांतीत नातीने दार उघडलं आणि कडी धरूनच ती ताठ झाली. ठकठककाका तोंड उघडून आत आले. समोर झेंडा, घामाघूम मुलगा, सांडशीवाली बाई आणि डोळे पाणावलेला एक ताठ म्हातारा. काकांनी सावकाश तोंड मिटलं, लोकरी टोपी काढली आणि टाचा जुळवल्या. पायात घरातल्या सपाता होत्या, पण उभे असे राहिले की भोंगासुद्धा वरमून गप्प झाला.

दहाव्या विश्रांतीत मुलगा खिशापाशी पोचला. हात उचलला, वडिलांकडे पाहिलं, आणि तिसरीतली चपराक आठवली. हात खाली आला. अकरावी फेरी सुरू झाली.

ती संपताच "विश्राम!" अशी गर्जना झाली. हेडमास्तरांनी शांतपणे फोन काढला, एका बोटाने बंद केला आणि उकडतंय म्हणून मफलर सोडला.

"आजोबा," नात म्हणाली, "यंत्र तर कानातच आहे तुमच्या!"

"अण्णा! म्हणजे तुम्हाला ऐकू येत होतं?"

"पहिल्याच हाकेला," हेडमास्तर म्हणाले. "थांबवणारच होतो रे. पण निवृत्त झाल्यापासून माझ्यासमोर असं कोणी उभं राहिलं नव्हतं. म्हटलं, होऊ दे अजून एक. मग सूनबाई सांडशीसकट सावधान झाली, मग हे पाहुणे आले. कसं थांबवू?" त्यांनी घसा साफ केला. "तुझे खांदे मात्र पडतात, बाळ्या. सूनबाईच्या टाचा जुळत नाहीत. बरंच काम आहे इथे."

"मग तिकिटाचं काय करू?"

तेवढ्यात ठकठककाका हेडमास्तरांचा हात हातात घेऊन स्वतःच्या भाषेत भडाभडा बोलू लागले. नात अर्थ सांगू लागली.

"ते म्हणतायत, एवढं लांब राष्ट्रगीत त्यांनी जन्मात ऐकलं नव्हतं. पण फार आवडलं. पुढच्या महिन्यात त्यांचा राष्ट्रीय दिवस आहे. दरवर्षी एकटेच असतात, तर तुम्ही खाली या म्हणतायत. फक्त त्यांचं गीत मिनिटभरातच संपतं, म्हणून त्यांना जरा लाजल्यासारखं होतंय."

हेडमास्तरांनी फोन जपून खिशात ठेवला.

"येतो म्हणावं," ते म्हणाले. "आणि लांबीची काळजी करू नका. फोन मी घेऊन येईन."