सदतीस मुलांची सर्दी

शिट्टीसरांचं स्वतःबद्दलचं मत फार चांगलं होतं आणि ते त्यांनी कधी कुणापासून लपवून ठेवलं नव्हतं.

"बाई," ते शिक्षकांच्या खोलीत टेबलावर बोटं वाजवत म्हणाले, "डोळे मला दोनच आहेत, पण बघायचं काम मी चौघांचं करतो. भिंतीवरून पाल गेली तर ती डावखुरी होती की उजवी, हेही मी सांगू शकतो."

शाळेत ते कवायत शिकवत आणि उरलेल्या वेळात गुन्हे शोधत. उरलेला वेळच जास्त असे. आजवर त्यांनी तीन प्रकरणांचा छडा लावला होता. हरवलेलं डस्टर त्यांच्या बगलेत सापडलं, हरवलेली शिट्टी त्यांच्या गळ्यात सापडली, आणि हजेरीपट तर त्यांचा तपास सुरू झाल्यावरच हरवला होता.

इंग्रजीच्या बाईंना मात्र हसू येत नव्हतं. त्यांच्यापुढे पाचवीच्या अडतीस उत्तरपत्रिका पडल्या होत्या. चाचणी शब्दार्थांची, शब्द दहा. चौथा शब्द 'रिलक्टंट', म्हणजे मनात नसताना, नाखुशीने काही करणारा. अडतीसपैकी सदतीस मुलांनी त्याचा अर्थ लिहिला होता: सर्दी झालेला. एकाने तर 'खूप सर्दी झालेला' असं लिहून जादा गुणांची आशा धरली होती.

"सदतीस मुलं एकच चूक करतात," मोठ्या बाई सकाळीच म्हणाल्या होत्या, "याला अभ्यास म्हणत नाहीत, संघटना म्हणतात. शनिवारपर्यंत कारण कळलं पाहिजे. नाहीतर तुमचं ते करून दाखवणं बंद. सोमवारपासून रोज वीस शब्द, अर्थासकट, दहा-दहा वेळा लिहून."

बाई स्वतः याद्या घोकून शिकल्या होत्या. अवघडातल्या अवघड शब्दाचं स्पेलिंग झोपेतून उठवलं तरी यायचं. पण पहिल्यांदा कुणी इंग्रजीत 'कशा आहात' विचारलं तेव्हा त्यांची दातखीळ बसली होती. म्हणून गेली दोन वर्षं त्या अर्थ सांगतच नसत. शब्दाची फोड करून देत, चित्र काढत, अभिनय करत, आणि अर्थ मुलांना शोधू देत.

"कॉपी," शिट्टीसर म्हणाले. "उघड आहे. सूत्रधार एक, नकलाकार छत्तीस."

"सर, चाचणी मैदानावर झाली. मुलं एकमेकांपासून दहा-दहा पावलांवर होती."

"मग पर्यवेक्षक फितूर असणार. कोण होता तो?"

"तुम्ही."

शिट्टीसरांनी वहीतली ओळ खोडली. "कॉपी नाही," ते गंभीरपणे म्हणाले. "पर्यवेक्षण कडक होतं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी ग्रंथालयातला शब्दकोश ताब्यात घेतला. 'आर'च्या पानावर तपकिरी डाग होता. त्यांनी तो हुंगला, भिंगाखाली धरला, उन्हात नेला. शेवटी ग्रंथपाल म्हणाले, "चहा आहे तो. गेल्या महिन्यात तुम्हीच सांडला होतात."

गुरुवारी ते धापा टाकत आले. "बाई, उलगडलं! तुम्हीच मुलांना शिकवता ना, शब्दाची फोड करा म्हणून? ही बघा. 'री' म्हणजे?"

"पुन्हा."

"'लक्' म्हणजे नशीब. राहिला 'टंट'. म्हणजे टंटा! पुन्हा नशिबात टंटा. सांकेतिक इशारा आहे हा. पाचवीत बंड होणार."

"आणि सर्दीचं काय?"

"दिशाभूल."

शुक्रवारी त्यांनी थेट मुख्य आरोपीला पकडलं. अडतिसावी उत्तरपत्रिका तिची होती. तिने अर्थ लिहिला होता, 'नाखूष'.

"अहो, तिचं बरोबर आहे," बाई कळवळून म्हणाल्या.

"तेच म्हणतोय मी. सगळा वर्ग चुकतो आणि ही एकटी बरोबर? तिला खरं माहीत होतं!"

"सर, मुलांनाच का विचारत नाही आपण?"

"साक्षीदाराला सरळ विचारलं की तो सावध होतो, बाई." एवढं म्हणून ते मैदानावर पावलांचे ठसे मोजायला गेले.

शनिवार उजाडला. मधल्या सुट्टीत बाई सोमवारसाठी वीस शब्दांची यादी करत बसल्या होत्या. तिसऱ्या शब्दापाशीच त्यांचा हात जड झाला. दारात मावशी खडू घेऊन आल्या. त्यांच्यामागे दोन वेण्यांची एक मुलगी पाणी प्यायला चालली होती.

"काय गं," मावशींनी सहज विचारलं, "ते सर्दीचं कुणी शिकवलं तुम्हाला?"

"बाईंनी."

बाईंच्या हातातलं पेन खाली पडलं. "मी?"

"हो ना बाई. तुम्ही दारात उभ्या राहिलात. एक पाय आत, एक बाहेर. डोळ्यांत पाणी, नाकाला रुमाल. 'आय अ‍ॅम रिलक्टंट' म्हणालात आणि तीनदा शिंकलात. मग विचारलंत, समजलं? आम्ही हो म्हटलं."

बाई कपाळाला हात लावून बसल्या. शाळेत यायला नाखूष असलेल्या मुलाचा अभिनय त्यांनी जीव ओतून केला होता. त्या दिवशी त्यांना सडकून सर्दी होती, एवढंच त्या विसरल्या होत्या. मुलांनी अगदी सांगितल्याप्रमाणे केलं होतं, दिसलं त्यावरून अर्थ लावला होता.

"आणि जिचं बरोबर आलं ती?"

"ती त्या दिवशी नव्हती. तिला सर्दी झाली होती. घरी ताईने अर्थ सांगितला."

बाईंना क्षणभर वाटलं, गप्प बसावं. मग त्या उठल्या आणि तडक मोठ्या बाईंकडे गेल्या. "चूक माझी आहे. मी 'समजलं?' विचारलं. 'काय समजलं?' हे विचारायला हवं होतं."

मोठ्या बाईंनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला. "चला. आत्ताच्या आत्ता शिकवा. माझ्यासमोर."

वर्गात मागच्या बाकावर मोठ्या बाई बसल्या, शेजारी वही उघडून शिट्टीसर. बाईंनी या खेपेला तीन प्रसंग करून दाखवले. थंडगार पाण्याने आंघोळ, डॉक्टरांची सुई, आवडीचं खेळणं धाकट्या भावाला देणं. दर वेळी त्या विचारत होत्या, "काय समजलं?" तिसऱ्या प्रसंगाला अर्धा वर्ग ओरडला, "नको-नको वाटणं!"

"आता तुमचं वाक्य करा."

दोन वेण्यांचा हात वर गेला. "सर इज रिलक्टंट टू आस्क अस."

"मराठीत सांग," मागून मोठ्या बाई म्हणाल्या.

"सरांना आम्हाला विचारायचं जिवावर येतं."

वर्ग हसायचं की नाही या विचारात थांबला. आधी मोठ्या बाईच हसल्या, तोंडावर पदर धरून. मग सगळ्यांनाच मोकळीक मिळाली. हसू ओसरल्यावर त्या उठल्या. "शब्द कळलाय यांना," त्या म्हणाल्या. "यादी राहू द्या."

शिट्टीसर मात्र हसले नव्हते. ते बाकापाशी गेले आणि जन्मात पहिल्यांदा त्यांनी साक्षीदाराला सरळ प्रश्न विचारला.

"हे वाक्य तुला कुणी सांगितलं?"

"कुणीच नाही, सर. माझं मलाच सुचलं."

सरांनी तिच्याकडे रोखून पाहिलं आणि वहीत लिहिलं: संशयास्पद.