स्वादुपिंडाची जागा

सुविधा टीचर 'लक्ष आणि स्मरण' या विषयाचं प्रशिक्षण घेऊन पणजीहून पेडण्याला परतल्या आणि सातवीच्या वर्गातली घोकंपट्टी त्यांनी त्याच दिवशी बंद केली. "पचनसंस्था पाठ करायची नाही. डोळे मिटा, आपल्या घरात फिरा आणि खोलीखोलीत एकेक अवयव ठेवा. आपलं घर कोणी विसरतं का? मात्र नकाशा ज्याचा त्याने करायचा, दुसऱ्याला सांगायचा नाही!" आता यात वाईट काय? काही नाही. फक्त टीचरना संजनाचं घर ठाऊक नव्हतं.

त्या घरात दोन भाऊ. थोरला गोकुळदास आणि धाकटा सुदेश, म्हणजे संजनाचा बाप. वडील गेल्यापासून घर दोघांचं, एकत्र. वाटणीचा शब्द कुणी काढला नव्हता. पण समोरचा तो आज ना उद्या काढणार, याची दोघांनाही पक्की खात्री. अशा घरात कुणी नुसती खिडकी पुसली तरी दुसऱ्याला वाटतं, मोजमाप चाललंय.

त्यामुळे संजना डोळे मिटून, भिंतीला हात लावत खोल्यांतून फिरू लागली, तेव्हा तिची मोठी आई, म्हणजे गोकुळदासची बायको प्रभावती, पाय न वाजवता तिच्या मागोमाग फिरली.

"काय चल्लां गो ह्यां?"

"खंयच्या खोलयेत काय ठेवचां तां ठरवतंय. नकाशो करतंय."

"नकाशो? कोणी सांगलां?"

"तां सांगूचां नाय."

"बरां," प्रभावती म्हणाली आणि तडक नवऱ्याकडे गेली. "आयकलास? धाकट्यान चेडवाक कामाक लायलां. घराचो नकाशो जाता!"

गोकुळदासने मधल्या खोलीला कुलूप घातलं. सुदेश वास्कोहून कामावरून आला आणि त्याने कुलूप पाहिलं. त्याने कोठीच्या खोलीला त्याहून मोठं कुलूप घातलं. मग जावांनी चहा वेगळा केला, मग जेवण वेगळं केलं, आणि एका सकाळी अंगणात टेंपोभर बांधकामाचे चिरे येऊन पडले. कुणी मागवले, हे विचारायची सोय नव्हती.

चवथ तोंडावर आलेली. घरचा गणपती एकच, हॉलच्या मधोमध बसणारा, आणि भिंत घालायची तर नेमकी तिथूनच. "गणपती खंयच्या वाटयेत बसतलो?" संजनाच्या आईने, मनीषाने विचारलं. या एका प्रश्नाने दोन्ही भावांची झोप उडाली होती. पण आधी माघार घेईल तो भाऊ कसला!

शेवटी बेळगावकडचा भैरू गवंडी आला आणि त्याने हॉलमध्ये आडवी सुतळी ताणली. ती पाहून संजनाने भोकांडच पसरलं.

"भिंत नाका! सोमवारी परीक्षा आसा! माजां लहान आतडां कुलपात, पित्ताशय कुलपात, नि आता भिंत घातलास तर जेवाण फुडे कशां जातलां?"

सगळे चाटच पडले. मग हुंदके देत तिने टीचरनी दिलेला अभ्यास सांगितला: दार म्हणजे तोंड, पडवी अन्ननलिका, स्वयंपाकघर जठर, आणि स्वादुपिंडाला अजून जागाच मिळालेली नाही.

"आनी माज्या खोलयेत काय ठेवलंस?" प्रभावतीने डोळे बारीक केले.

संजना आईच्या मागे सरकली. "मोठां आतडां."

"तुज्या आवशीच्या?"

"यकृत."

"बघा! ती यकृत, नि मी मोठां आतडां!"

गोकुळदास फिसकन हसला, मग सुदेश, मग सगळेच डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "त्या टीचरान घर फोडलां असतां रे आमचां!" गोकुळदास म्हणाला.

"म्हंजी भिंत न्हाई व्हय?" भैरू म्हणाला. "मग आदी सांगायचं न्हवं. मोठ्या मालकांनी शिमग्यालाच सांगून ठेवलंवतं, अन् धाकट्या मालकांनी त्याच्याबी आदी. म्या म्हनलं, भिंत तर एकच हाय, कुनीबी बोलवू दे, एकदाच जाऊ."

हसणं थांबलं. भाऊ छताकडे बघू लागले आणि जावा भावांकडे. टीचर बिचाऱ्या सुटल्या.

"दादा," सुदेश हळूच म्हणाला, "माका वाटलां, तूच घालतलस."

"माकाय तशांच वाटलां रे." गोकुळदासने खिशातून मधल्या खोलीची किल्ली काढली.

प्रभावतीने त्याच्या हातातून किल्ली घेतली आणि मधली खोली उघडली. "भैरू, सुतळी आसा थंयच रवांदी. त्या चिऱ्यांचो गणपतीक चौथरो बांध. बरो घट्ट. मग कोण भिंत घालता तां बघतंय मी!"

चौथरा झाला. संजनाने डोळे मिटून सगळ्या उघड्या दारांतून एक फेरी मारली आणि चौथऱ्यापाशी येऊन थांबली. "मोठी आई, बरां झालां. स्वादुपिंडाक जागा गावली."

प्रभावतीने मनीषाच्या खोलीकडे एकदा संशयाने पाहिलं.

"माजां स्वादुपिंड यकृतापरस बरां मगो?"