आप्पांचं बुटकं शेड

मारुतीआप्पा कुणाच्याही घरी गेले की आधी पंखा बंद करतात. रामराम नंतर, चहा त्याच्याही नंतर. एप्रिल महिना असो, घरात बाळंतीण असो, आप्पा उंबरा ओलांडून सरळ बटणाकडं जातात. "वाऱ्यानं फूल भरकटतं," म्हणतात. तिथं फूल नसतं, नेट नसतं, खेळणारंही कुणी नसतं. आमच्या धाकट्याच्या वाढदिवसाला आले आणि पन्नास माणसं घाम पुसत केक खाऊन गेली. तेव्हापासून बायकोनं बटणावर चिकटपट्टी लावून ठेवली आहे.

फूल म्हणजे बॅडमिंटनचं शटल. आप्पा म्हणजे कासुर्डीच्या कोमलचे वडील. आणि कोमल म्हणजे भारताकडून दुहेरी खेळलेली, जकार्त्यापासून डेन्मार्कपर्यंत नाव काढून आलेली पोरगी. मी यवतला कोंबडीखाद्याचं दुकान चालवतो. या सगळ्या कीर्तीपायी माझं एक चांगलं गिऱ्हाईक कायमचं गेलं, हे कुणीतरी लिहून ठेवायला हवं, म्हणून लिहितोय.

कोमलची आई ती सात वर्षांची असताना गेली. दहाव्या वर्षी पोरीनं शाळेच्या शिबिरात रॅकेट धरली आणि घरी येऊन सांगितलं, मला हेच खेळायचंय. आता आमच्याकडं उघड्यावर फूल टिकतंय कुठं. आप्पांनी आठ दिवस विचार केला, ब्रॉयलरची बॅच विकली आणि पुढची पिल्लं घेतलीच नाहीत. शेड धुतलं, चुना मारला, जाळीला पोती शिवून लावली, जमिनीवर ऑइलपेंटचे पट्टे ओढले. मी नेहमीसारखी खाद्याची गाडी घेऊन गेलो, तर हे नेट बांधत होते.

"गाडी माघारी न्या, खाद्यवाले," म्हणाले. "आता हितं पोरगी वाढवायचीय."

तिथून पुढं रोज सकाळ-संध्याकाळ आप्पा नेटच्या पलीकडं उभे राहून तिला फुलं द्यायचे. पुस्तक वाचून शिकायचे आणि शिकवायचे. एकदा कोपऱ्यात उरलेली कोंबड्यांची पिसं बुचात खोचून घरगुती फूल केलं. ते दारुड्यासारखं निम्म्या वाटेत वळायचं. शेडातला वास तर दोन वर्षं हटला नाही. जिल्ह्याच्या स्पर्धेत कोमलनं बॅग उघडली की शेजारच्या पोरी सरकून बसायच्या.

खरी अडचण छताची होती. कोंबड्यांना उंची हवी कशाला? पत्रे तोलणाऱ्या लोखंडी कैच्या इतक्या खाली, की फूल जरा वर गेलं की पत्र्यावर टण्ण. मग कोमल सगळं सरळ मारायला शिकली, नेटच्या वर वीतभर. आप्पांनी त्यातून तत्त्वज्ञानच काढलं, "फूल वर दिलं की मालकी समोरच्याची." हे वाक्य त्यांनी ग्रामसभेत वापरलंय, कांद्याच्या मार्केटात वापरलंय. एका सोयरिकीच्या बैठकीत देण्याघेण्याचं निघालं, मुलाकडचे "तुम्हीच सांगा" म्हणाले, तसे आप्पा मुलीच्या बापाच्या कानात, "वर देऊ नगा." सोयरीक मोडली. मुलगी पुढं चांगल्या घरी पडली, तेही श्रेय आप्पा स्वतःकडं घेतात.

कोमल पुण्याला खेळाडूंच्या वसतिगृहात गेली, तिथं आसामच्या एका मुलीबरोबर तिची जोडी जमली. कोमलच्या त्या सरळ फटक्यांपुढं परदेशी पोरी गांगरायच्या. चॅनेलवाले कासुर्डीला आले. आप्पा फेटा बांधून शेडात उभे. "शेड मुद्दामच बुटकं ठिवलं. तंत्र हाय त्ये." मी बाजूला उभा राहून हसू दाबत होतो. शेड कोमलच्या जन्माआधीचं, पहिल्या बॅचपासून माझंच खाद्य.

यंदा कोमलच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. परदेशातलं खेळणं थांबवायचं तिनं ठरवलं आणि महिन्याभरानं आठ दिवस घरी येते म्हणून कळवलं. दुसऱ्या दिवशी सकाळीच आप्पांचा फोन, "या जरा." गेलो तर शेडवर दोन वेल्डर. पत्रे खाली उतरवलेले, खांबांना वर नवे तुकडे जोडणं चाललेलं.

"आप्पा, तंत्राचं काय झालं?" मी चेष्टेत विचारलं.

आप्पा पत्र्यांच्या थप्पीवर बसले. "तंत्र कसलं, खाद्यवाले. पुण्याच्या सरांनी निवडीच्या दिवशीच मला बाजूला घिऊन सांगितलं. पोरीचा हात वर जात न्हाई, उंच मारता येत न्हाई, एकेरी हिच्याच्यानं व्हनार न्हाई. आन् तिला एकेरीच खेळायचं हुतं. मी तिला त्ये सांगितलं, तर येष्टीत कासुर्डी येस्तवर एक सबूद बोलली न्हाई माझ्याशी. चार फूट वो. तवाच चार फूट वर घेतलं असतं तर?"

"तिनं कधी बोलून दाखवलं का?"

"न्हाई. त्येच तर सलतंय."

अठरा वर्षं ज्या माणसाची मी टिंगल केली, तो हे पोटात घेऊन गावभर छाती काढून हिंडत होता. मला माझीच लाज वाटली.

कोमल आली ती गुडघ्याला पट्टा बांधून. शेडाच्या दारात उभी राहिली, मान वर करून बराच वेळ बघत राहिली. आप्पा मागं, हात पाठीशी बांधून.

"उशीरच झाला," आप्पा म्हणाले.

"आप्पा, तुम्ही अजून तेच धरून बसलाय?" ती वळली. "त्या दिवशी रागावले होते मी, खोटं कशाला सांगू. पण एकेरीवाल्या पोरी हरल्या की डोक्यावर टॉवेल घेऊन एकट्या बसतात. मी बघितल्यात. मी काय कमी वेळा हरले? पण दरवेळी बाजूला कुणीतरी होतं. आम्ही दोघी पोटभर रडायचो आणि मग जेवायला जायचो." मग तिनं विचारलं, "मी हरल्यावर तुम्ही कुणाजवळ बसायचा?"

आप्पा पायानं जमिनीवरचा जुना पट्टा घासत राहिले. तिची आई गेल्यापासून त्यांच्याजवळ बसायला कुणीच नव्हतं, हे मलाही ठाऊक होतं आणि तिलाही.

तिनं खुंटीवरून तीन रॅकेटा काढल्या. आप्पा सवयीनं नेटच्या पलीकडं निघाले, तर तिनं हाताला धरून त्यांना आपल्याच बाजूला उभं केलं. "काका, तुम्ही तिकडं," मला म्हणाली. म्हणजे समोर मी एकटा, पोट सांभाळत, जन्मात कधी रॅकेट न धरलेला.

मी डोळे मिटून फूल भिरकावलं. ते वर घेतलेल्या पत्र्याच्या दिशेनं उंच गेलं, कुठंही न लागता खाली आलं. ते घ्यायला दोघांपैकी कुणीच हललं नाही. आप्पा बाहीनं डोळे पुसत होते, आणि कोमल त्यांच्याकडं बघत होती. फूल दोघांच्या मधोमध पडलं.

तो पॉइंट माझा. इंटरनॅशनल खेळाडूकडून घेतलाय, उगाच सोडणार नाही.